तीन आणि नऊचा वाटा

१६ फेब्रुवारी

खारू,

आधीच्या कागदावर सगळे आशीर्वाद नीट ओळीत लिहिले होते. पण आशीर्वाद द्यायला मान जरा वर असावी लागते. तो कागद बाजूला सारला आणि हा घेतला.

जावईबापूंचा फोन आला होता. म्हणाले, "बाबा, ती बरी आहे, फक्त बोलत नाही." मी म्हटलं, "तुमच्याशी की माझ्याशी?" तर म्हणाले, "माझ्याशी भाजीपुरतं बोलते. तुमचं नाव निघालं की स्वयंपाकघरात जाते." त्यांनीच मग सगळं सांगितलं. तू सांगितलं असतंस तर कमी लागलं असतं. पण तू का सांगशील?

तुझ्या गणिताच्या वर्गात फळ्याच्या वर रंगाऱ्याकडून मोठ्या अक्षरांत १०,००,००९ लिहून घेतलंस म्हणे. खाली ओळ घातलीस, ‘माझ्या वडिलांनी हातानं तपासलेली मूळ संख्या’. पालक आले होते, वरचे साहेब आले होते. तू त्यांना माझी गोष्ट सांगितलीस. आठव्या वाढदिवसाला तू बाहुली मागितलीस आणि मी तुझ्या हातात पुठ्ठ्याचं कार्ड ठेवलं, त्यावर फक्त १०१. तू भोकाड पसरलंस. मग मी म्हटलं, बाहुलीचा हात निखळतो, पाय निखळतो, ह्याला कितीही भाग, हा तुटणार नाही. संध्याकाळपर्यंत तू त्याला दोनपासून सगळ्यांनी भागत बसलीस, आणि झोपताना कार्ड उशाखाली. तेव्हापासून दरवर्षी एक. आणि कॉलेजात गेल्यावर तू शपथ घेतलीस की बाबांचा आकडा मी कधी तपासणार नाही, तपासून घेतली तर ती भेट कसली.

मग मागच्या बाकावरची ती मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, फोन म्हणतोय २९३ नं भाग जातो." लोक हसले. आणि तू तिला म्हणालीस, "यंत्राला विचारून गणित येत नसतं, खाली बस. माझे बाबा चुकत नाहीत." आणि खडू घेऊन तू स्वतः भागाकार मांडलास. सगळ्यांसमोर. चार ओळींत बाकी शून्य.

जावईबापू म्हणाले, त्या शून्यानंतर तू खडू ठेवलास आणि "माफ करा" म्हणून बाहेर गेलीस.

पोरी, चूक माझीच. वयाची चूक आहे. मी कागद काढून पाहिला. २९३ नं भागताना हजारात तीन वेळा, उरले १२१. वरचं शून्य घेऊन १२१०, चार वेळा, ११७२. आता १२१० मधून ११७२ गेले की ३८ उरायला हवेत. मी लिहिलेत २८! मग पुढचं सगळंच रुळावरून उतरलं आणि शेवटी १७२ उरले. एका दहाचा घोळ. चष्म्याचा नंबर वाढलाय, डॉक्टरकडे जायचं राहून गेलं. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, रेल्वेची वेळापत्रकं, लॉगची कोष्टकं, आणि घरच्या कार्डावर असा घसरलो. हसण्यासारखंच आहे, नाही का?

रंगाऱ्याला बोलावून ती भिंत पुसून घे. खर्च मी पाठवतो.

बाबा

२५ फेब्रुवारी

खारू,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ: ‘२९३ चा कागद पाठवा.’

खाली सहीसुद्धा नाही. अक्षर मात्र ओळखीचं, लहानपणी तीन काढताना जसं तू शेपूट लांब सोडायचीस तसं अजून सोडतेस.

कागद सापडत नाही. घर आवरलं तेव्हा बरेच कागद रद्दीत गेले, त्यात तो गेला असावा. मागच्या पत्रात ‘काढून पाहिला’ असं लिहिलं होतं, ते म्हणजे आठवून पाहिला अशा अर्थानं. म्हातारपणी आठवणं आणि बघणं ह्यातली भिंत पातळ होते.

तुला वाटेल म्हातारा सारवासारव करतोय.

इकडचं सगळं ठीक. खालच्या दुकानातला शिंपी रोज विचारतो, "काय काका, लेकीला आवडला का यंदाचा आकडा?" दरवर्षी मीच त्याला फुशारक्या मारत सांगत आलो, त्यामुळे तो विचारणारच. काल म्हटलं, "आवडला की." तो म्हणाला, "तुमच्यासारखा बाप मिळायला नशीब लागतं." बटणं लावायला नेलेला शर्ट मी तिथेच टाकून वर आलो. अजून आणलेला नाही. सध्या मागच्या जिन्यानं ये-जा करतो.

आईच्या खोलीचं दार नीट लागत नाही. लाकूड फुगलंय. बाकी काही नाही.

तू त्या मुलीशी बोललीस का? ती बिचारी खरं तेच सांगत होती.

बाबा

७ मार्च

खारू,

तुझं दुसरं कार्ड आलं. पुन्हा एकच ओळ.

‘कोपऱ्यातली खूण या वर्षी उलटी का आहे?’

म्हणजे तू सगळी कार्डं काढून टेबलावर मांडलीस. मला दिसतंय ते. १०१ पासून गेल्या वर्षीच्या १०,००,००३ पर्यंत, एकेका वर्षाचं कार्ड, आणि प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात ती बारकी बरोबरची खूण, शेपूट डावीकडे गेलेली. आणि यंदाची एकटीच उजवीकडे.

लहान असताना तू आईला विचारलं होतंस की ही खूण कसली. तिनं सांगितलं, "बाबांचं पेन पाझरतं." तू विश्वास ठेवलास. मीही तिथे होतो.

आता लिहितो. हात थांबेल, पण तू वाचताना थांबू नकोस. एका दमात वाच, मला एका दमात लिहिता येणार नाही.

आमच्या छापखान्यात एक नियम होता. आकड्यांचं पान एका माणसानं तपासून मशीनवर चढायचं नाही. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापलेल्यावर बोट फिरवायचं. पानाच्या खाली दोन खुणा पडल्या तरच पान पुढे. माझा तिथला जोडीदार, आम्ही त्याला चष्मेवाले म्हणायचो, एकदा तापानं पडला. तेव्हा मी गाडीच्या वेळापत्रकाची पानं घरी आणली आणि तुझ्या आईला समोर बसवलं. नवीन लग्न होतं. चौथीपर्यंत शिकलेली मुलगी. तिसऱ्या पानावर ती म्हणाली, "अहो, ही गाडी निघायच्या आधीच पोचतेय!" छापखान्यात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून घरी आलेल्या प्रत्येक पानाची दुसरी खूण तिची. डावखुरी होती, म्हणून शेपूट डावीकडे.

आणि तुझे आकडे, खारू, ते आम्ही दोघांनी तपासले. पहिल्यापासून. १०१ सुद्धा, तो मात्र एका चहात झाला.

वाटणी ठरलेली होती. दोन आणि पाच कुणाचेच नाहीत, ते बघताच कळतं. ज्यांच्या शेवटी एक किंवा सात येतो त्या मूळ संख्यांनी मी भागायचं. सात, अकरा, सतरा, एकतीस, सदतीस, असे चढत. ज्यांच्या शेवटी तीन किंवा नऊ येतो त्या तिच्या. तीन, तेरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस. दहा लाखांच्या आसपासचा आकडा असला की हजाराच्या आतल्या सगळ्या घ्यायच्या, त्यापुढे जायची गरज नसते, हे मला एका जुन्या पुस्तकातून कळलं होतं. तिला मी समजावायला गेलो तर म्हणाली, "म्हणजे दोन्ही भाऊ हजारापेक्षा मोठे असतील तर त्यांचं घर दहा लाखांत मावायचंच नाही. त्यात समजवायचं काय?"

मी बाहेरच्या टेबलावर, ती आत खिडकीशी. पाठीला पाठ. एकमेकांचा कागद बघायचा नाही, तो छापखान्याचाच नियम. रद्दी मुद्रितांच्या कोऱ्या बाजूवर भागायचं. संपलं की आवाज द्यायचा. मी म्हणायचो "नाही," ती आतून म्हणायची "नाही," आणि मग आम्ही पुढे. आणि मधूनच तिचा आवाज यायचा, "अहो, मेला तुमचा आकडा!" असा आनंद व्हायचा तिला, की आकडा जगला तरी मला थोडं वाईट वाटायचं. गेल्या वर्षी १०,००,००३ टिकला. त्यानंतर लगेच ती म्हणाली, पुढचे पाहून ठेवू. १०,००,००७ तिनं दूध तापेपर्यंत मारला, एकोणतीसनं. मग म्हणाली, "आता नऊवाला घेऊ. नऊ माझा आहे." त्याला हात लावायच्या आधीच तिचं दुखणं आलं.

तू आठ वर्षांची असताना ते पहिलं कार्ड घेऊन शेजारी धावलीस. "माझ्या बाबांनी शोधला, माझ्या बाबांनी!" मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "असू दे, बाबांचाच राहू दे, तिला बरं वाटतंय." मी राहू दिला. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. त्याच्या पुढच्या वर्षी. पण दरवर्षी ते सांगणं जड होत गेलं आणि न सांगणं हलकं. आणि मला ते आवडत होतं, खारू. शाळा अर्धवट सोडलेला माणूस, आणि त्याची कॉलेजात शिकवणारी लेक चारचौघांत म्हणते, माझ्या बाबांमुळे.

तुझा सत्कार झाला तेव्हा तू व्यासपीठावरून म्हणालीस, "बाबांनी मला आकडे दिले आणि आईनं वेळेवर जेवायला दिलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनंही वाजवल्या. परत येताना बसमध्ये मला म्हणाली, "स्वयंपाक मी बरा करते म्हणायचा!" आणि हसली. मीही हसलो. मग बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर अंधार होता. काचेत तिला तिचंच तोंड दिसत असणार.

तो क्षण होता. तिथेच, त्या बसमध्ये, मी म्हणायला हवं होतं, उद्या पोरीला फोन करून सांगतो. मी म्हटलं, "खिडकी लाव, वारा लागेल."

आता यंदाचं. आई गेली. दिवस सरले. तुझा वाढदिवस जवळ आला. मी १०,००,००९ घेतला आणि माझा वाटा केला. तो खराच केला, ते कागद आहेत, एक आणि सातचे सगळे, एकही बाकी चुकलेली नाही. मग तिच्या खोलीत गेलो. तिच्या खुर्चीवर बसलो, तिची पेन्सिल घेतली. मागचं टोक चावलेलं. तीननं भागलं, तेरानं भागलं, तेवीसनं भागलं. प्रत्येक वेळी शेवटी "नाही" म्हणायचं, आणि बाहेरच्या टेबलाकडून कुणी उत्तर द्यायचं नाही. त्रेचाळीसपाशी उठलो. दार लावलं.

दोन-तीन दिवस स्वतःला सांगत राहिलो, उद्या करतो. मग सांगायला लागलो, आकडा चेहऱ्यावरून टिकणारा वाटतो. चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे बघितलेत, आकड्याचा चेहरा मला कळतो. असा शहाणपणा पाजळून मी कार्ड लिहिलं. अर्धा तपासलेला आकडा अख्खा म्हणून.

आणि मग कोपऱ्यात तिची खूण काढली.

तुझ्यासाठी काढली असं म्हणवतही नाही, कारण ती खूण कुणाची हे तुला माहीतच नव्हतं. दुसऱ्या कुणाला दाखवायची नव्हती. मला स्वतःलाच दाखवायची होती, की बघ, झालं, दोघांनी तपासलं. छापखान्यात जोडीदाराची खूण दुसऱ्यानं काढली तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवायचे. आणि मला ती धड काढताही आली नाही. माझा हात उजवा.

२९३ च्या शेवटी तीन आहे. तो तिच्या वाट्याचा होता. ती असती तर हा आकडा खिडकीतच मेला असता, तुझ्या फळ्यापर्यंत पोचलाच नसता.

आणि पहिल्या पत्रातला तो २८ चा घोळ मी बसून बनवला. उलट मांडत गेलो, कुठे दहा चुकवले तर बाकी खरी वाटेल ते बघितलं. १७२ चांगले वाटले. पोरी, मी भागाकार केला नाही, पण चूक मात्र अगदी मन लावून केली. तू २९३ चा कागद मागितलास तेव्हाच मला कळलं होतं, तुला कळलंय. एवढी बरोबर मांडलेली चूक म्हाताऱ्याला आठवत नसते.

तू त्या मुलीला सगळ्यांसमोर गप्प बसवलंस ते माझ्यावरच्या विश्वासानं. ते पाप तुझ्या पदरात मी टाकलं.

आईचं तर काय सांगू. तू तिचे जेवणाबद्दल आभार मानलेस, आणि ती गेली.

मला तुझ्या वर्गात येऊ दे. ही विनंती आहे, हट्ट नाही. ज्यांच्यासमोर तू खडू ठेवलास, त्यांच्यासमोर मला उभं राहू दे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. जावईबापूंकरवी दिवस कळव.

बाबा

२२ मार्च

खारू,

बसमध्ये लिहितोय, अक्षर हलतंय. घरी पोचेपर्यंत धीर धरला असता तर पुन्हा शब्द निवडायला लागलो असतो.

तू स्टँडवर घ्यायला आली नाहीस, जावईबापूंना पाठवलंस, ते बरंच केलंस. तुला बघून मी तिथेच रडलो असतो आणि वर्गासाठी काही उरलं नसतं.

वर्गात शिरल्यावर पहिल्यांदा भिंतीकडे बघितलं. मला वाटलं होतं पांढरी असेल. आकडा तसाच होता. खालची ‘माझ्या वडिलांनी’ वाली ओळ तेवढी खरवडलेली. रंगाऱ्यानं नव्हे, नखानं किंवा पट्टीनं, असं दिसत होतं.

मुलं बाकांवर, तू शेवटच्या बाकावर, त्या मुलीच्या शेजारी. मी काय बोललो ते तू ऐकलंसच. घरून चांगलं घोकून आलो होतो, पण तुझ्याकडे नजर गेली आणि घोकलेलं सगळं पळालं. "हा आकडा मी अर्धाच तपासला होता, आणि बाकी अर्धा तपासणारी माझी बायको होती, जिचं नाव मी कधी घेतलं नाही," एवढंच काय ते धड आलं. मग त्या मुलीची माफी मागितली. ती उभी राहून म्हणाली, "आजोबा, मी नुसतं बटण दाबलं हो. आजींना किती वेळ लागला असता?"

मी म्हटलं, "२९३ पर्यंत पोचायला? मधे कुणी पाहुणा आला नसता तर दोन दुपारी. आणि ह्या एका भागाकाराला, दूध उतू जायच्या आत."

"आणि मग त्या काय म्हणायच्या?"

"मेला तुमचा आकडा."

सगळा वर्ग हसला. मागच्या वेळी ह्याच खोलीत हसले होते, पण हे हसणं वेगळं होतं. तू हसली नाहीस. तू उठलीस, माझ्या बाजूनं फळ्यापर्यंत गेलीस, माझ्याकडे न बघता. मला वाटलं, आता म्हणशील, झालं ना, या आता.

तू पहिल्यांदा त्या मुलीला म्हणालीस, "त्या दिवशी मी तुला खाली बसवलं. तू बरोबर होतीस, मी चूक होते." साधं. माझ्यासारखं फिरवून-फिरवून नाही. मग खडू घेतलास आणि लिहिलंस:

१०,००,००९ = १००० × १००० + ३ × ३

हे मलाही माहीत होतं. दिसतंच ते. मग त्याच्या खाली:

१०,००,००९ = ९७२ × ९७२ + २३५ × २३५

मी खिशातून कागद काढला आणि करून बघितलं. ९,४४,७८४ आणि ५५,२२५. बेरीज बरोब्बर. आणि तू मुलांना म्हणालीस, "मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असलीच, तर ती एकाच प्रकारे असते. एकच जोडी. जिच्या दोन वेगळ्या जोड्या सापडतात ती फुटणारच, कशानं फुटते ते अजून माहीत नसलं तरी. बाबांना पहिली जोडी समोर दिसत होती. दुसरी शोधायला बसणारं माणूस घरात उरलं नव्हतं."

असं म्हणालीस तू. ‘बाबांना’ म्हणालीस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तुझी पाठ माझ्याकडे होती आणि आवाज फळ्यावर आदळून येत होता, तरी ऐकलं मी.

मग तू भिंतीवरच्या आकड्याखाली, खरवडलेल्या जागी, खुर्चीवर चढून खडूनंच लिहिलंस: ‘= २९३ × ३४१३’. आणि त्याच्या खाली, ‘तपासणी: आई’.

खुर्ची धरायला मी पुढे झालो. तू म्हणालीस, "धरा नीट, डगमगतेय." बस्स, एवढंच माझ्याशी बोललीस. मी नीट धरली.

वाटेत जावईबापू म्हणाले, "बाबा, राग गेला असं समजू नका." मी म्हटलं, "समजत नाही. गेलाच नाही पाहिजे इतक्यात." खरं सांगतो, तू लगेच गळ्यात पडली असतीस तर मला जास्त लाज वाटली असती.

पुढच्या वळणावर गाडी फार हलते. थांबतो.

बाबा

३० मार्च

खारू,

खालच्या शिंप्याला सांगितलं. मुख्य जिन्यानं उतरून, दुकानात बसून. म्हटलं, "यंदाचा आकडा फुटला, आणि आधीचे सगळे निम्मे हिचे होते." तो सुईत दोरा ओवत होता. ओवून झाल्यावर म्हणाला, "वहिनी कधी बोलल्या नाहीत हो." मी म्हटलं, "मी बोलायला हवं होतं." त्यानं माझ्या शर्टाची बटणं लावून ठेवली होती. पैसे घेतले. ते बरं वाटलं. घेतले नसते तर कीव केली असं झालं असतं.

सुताराला बोलावून आईच्या खोलीचं दार तासून घेतलं. आता सहज उघडतं.

मग तिच्या खुर्चीवर बसून तिच्या वाट्याचे भागाकार केले, १०,००,००९ चेच. फुटतो हे माहीत असताना. त्रेचाळीसपाशी सोडलं होतं, तिथून पुढे, एकेक, तीन आणि नऊवाले. प्रत्येकाला मोठ्यानं "नाही" म्हणत गेलो. बाहेरून कुणी उत्तर दिलं नाही, आणि मी उठलो नाही. २९३ आला. हजारात तीन, ८७९ गेले, उरले १२१. १२१० मधून ११७२, उरले ३८, अडतीसच. ३८० मधून २९३, उरले ८७. वरचा नऊ खाली घेतला आणि झाले ८७९. जे पहिल्या ओळीत वजा केले होते तेच शेवटच्या ओळीत समोर येऊन उभे. तीन वेळा. शून्य.

तिचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, म्हणवलं नाही. ते तिचं आहे. कागद सोबत जोडलाय. तू मागितला होतास तो, २९३ चा. उशिरा आला, पण हा खरा.

आता पाकिटातल्या पुठ्ठ्याबद्दल. वाढदिवस होऊन गेला, पण यंदाची भेट तुला मिळालेलीच नाही असं मी धरतो. हा दुसरा आकडा घेतलाय: १०,००,०३३. शेवटी दोन तीन शेजारी-शेजारी, तिला आवडले असते. माझ्या वाट्याचे सगळे भागाकार करून झाले, एक आणि सातचे, त्यांचे कागद कार्डाखाली ठेवलेत. माझ्या निम्म्यानं तो फुटला नाही. मूळ संख्या आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हणायचा अधिकार एकट्याला नसतो, हे शिकायला मला ह्या वयाची वाट बघावी लागली.

तू तपासणार नाहीस ही शपथ मी आजपासून मोडायला सांगतो. फोनवरचं बटण तेवढं दाबू नकोस, त्याला ह्यातलं काही कळत नाही. तीन आणि नऊची यादी आईच्या अक्षरातली आहे, ती पाठवतो. नऊ ती मोठ्या पोटाचा काढायची, म्हणून कधीकधी १ सारखा दिसतो, जपून वाच.

मन नसेल तर नको करूस. कार्ड तसंच ठेव, अर्धा आकडा म्हणून. खोटं असण्यापेक्षा अर्धं असलेलं बरं दिसतं, हे बघितलं मी परवा तुझ्या भिंतीवर.

केलंस तर, आणि फुटला तर, जोरात सांग. मी बाहेरच्या टेबलाशीच बसलेला असतो. आणि टिकला तर खाली उजव्या बाजूला कोपरा मी कोरा ठेवलाय. आईची खूण काढायला जाऊ नकोस, ती कुणाला जमत नाही. तुझी तू काढ. तुझा हात उजवा आहे, माझ्यासारखाच. शेपूट उजवीकडे गेलं तरी आता कुणी फसणार नाही.

बाबा